खाणार मी, मग धास्ती कुणाला? सामानातलं चीज, हॅम आणि आयातबंदी

रिकामी_बॅग

गेल्या महिन्यात एका परक्या विमानतळावर उतरले. पट्ट्यावरून बॅग उचलली आणि तेवढ्यात एक बीगल कुत्रं आलं, बॅग हुंगून शेजारी शांतपणे बसलं. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही, नुसतं बसणं. सोबतच्या बाईंनी हसून विचारलं, आत काय आहे? आत होतं शेळीच्या दुधाचं पाव किलो चीज आणि मिठात मुरवून वाळवलेल्या हॅमचं एक सीलबंद पाकीट. दोन्ही रीतसर दुकानातून घेतलेलं, पावतीसकट. फॉर्मवर 'प्राणिजन्य पदार्थ आहेत' पुढे मी खूण केली होती म्हणून दंड वाचला, पण दोन्ही वस्तू माझ्यादेखत पिवळ्या पिंपात गेल्या. लोण्याच्या बिस्किटांना मात्र कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी तिथल्याच एका सुपरमार्केटात गेले, तर त्याच देशातून आलेलं, जवळपास तसंच चीज फडताळावर मांडलेलं!

तर मंडळी, मला हे कोडं सुटत नाहीये. चीज खराब असेल तर आजारी मी पडणार, मग सरकारला कसली एवढी धास्ती? कंटेनर भरभरून चालतं, पाव किलो चालत नाही, हा कुठला न्याय? आणि लोणी बिस्किटात शिरलं की पवित्र होतं का? नवऱ्याचं म्हणणं, रोगबिग सब झूट आहे, आपला माल खपवायचे धंदे. मला तेवढं सरळ वाटत नाही. जाणकारांनी लिहावं.

पोटोबा

कुत्र्याने पाव किलोसाठी बैठा सत्याग्रह केला म्हणजे चीज नक्कीच चांगलं असणार. दिवंगत चीजला भावपूर्ण आदरांजली. (बाकी वाचतोय.)

गोठ्यातला_डॉक्टर

ताई, सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केली, त्यामुळे थोडं लांबेल.

त्या पिवळ्या पिंपाचा तुमच्या पोटाशी काही संबंध नाही. भीती असते ती जनावरांच्या रोगांची. लाळ्या खुरकूत, म्हणजे गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या आणि डुकरांच्या तोंडाखुरांना फोड आणणारा विषाणूरोग, माणसाला होत नाही म्हटलं तरी चालेल, इतकी ती उदाहरणं विरळा. आफ्रिकन स्वाइन फीवर, हा डुकरांचा जीवघेणा ताप, तर माणसाला होतच नाही. ते हॅम तुम्ही सगळं संपवलं असतंत तर ढेकर आला असता, बाकी काही नाही. भीती आहे ती तुम्ही न खाल्लेल्या हॅमची. चरबीची पट्टी, कडेचा वाळका तुकडा, पाकिटाच्या तळाशी राहिलेला ओला भाग. ते कचऱ्यात जाणार, आणि कचऱ्यातून कुठल्या तरी डुकरापुढे गेलं की संपलं. बंदी खाण्यावर नाही, खरकट्यावर आहे. एवढं धरून ठेवलंत की अर्धे नियम आपोआप कळतात.

ब्रिटनमधली लाळ्या खुरकूतची २००१ ची साथ घ्या. फेब्रुवारीत एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांच्या तोंडात आणि खुरांशी फोड दिसले. माग काढत गेले तर मूळ निघालं थेट नॉर्थंबरलँडमध्ये, हेडन-ऑन-द-वॉल गावच्या एका वराहपालन केंद्रात. तिथे हॉटेलांचं वगैरे उरलंसुरलं अन्न डुकरांना घालायचा परवाना होता, अट एकच, की ते आधी उष्णतेची प्रक्रिया करून घालायचं. ते तसंच, कच्चं घातलं गेलं. विषाणू ज्या मांसातून आला ते नेमकं कुठलं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. बेकायदा आलेलं असावं असाच निष्कर्ष.

पुढचं काम मेंढ्यांनी केलं. मेंढीत या रोगाची लक्षणं फार सौम्य असतात, जरा लंगडते आणि चरायला लागते. मालकालाही कळत नाही. तशा मेंढ्या हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर गेल्या. २३ फेब्रुवारीला जनावरांची ने-आण बंद झाली तोवर उशीर झाला होता. अखेरीस २,०२६ ठिकाणी रोगाची नोंद झाली आणि ६० लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. त्यातली कितीतरी निरोगीच होती, आजूबाजूच्या शेतांवरची म्हणून गेली. नुकसानीचा अंदाज ८०० कोटी पौंड, आणि त्यात मोठा वाटा पर्यटनाचा, कारण गावाकडच्या पायवाटासुद्धा बंद केल्या होत्या. सार्वत्रिक निवडणूक ३ मेला होईल असं सगळे धरून होते, ती ७ जूनला झाली.

हे सगळं कुणाच्या तरी ताटात उरलेल्या घासापासून.

शंकासुर

डॉक्टर, माहिती भारी आहे, पण एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे. पाव किलो सीलबंद हॅममधून साथ येण्याची शक्यता किती? एक तर ते हॅम रोगी डुकराचं असायला हवं. मग त्यातला विषाणू मीठ लावून वर्षभर वाळवल्यावरही जिवंत राहायला हवा. मग ताईंनी नेमका तोच तुकडा टाकायला हवा आणि नेमका तोच डुकराला मिळायला हवा. असं किती वेळा होतं?

आणि दुसरीकडे बघा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत नेवार्क बंदराजवळ चीनमधून चोरून आणलेलं डुकराचं मांस पकडलं, ५० कंटेनर, सुमारे साडेचारशे टन. नूडल्सच्या आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या खोक्यांत दडवलेलं. ते आणणारे धंदेवाईक, आणि कुत्रं बसणार ताईंच्या बॅगेशी. याला आमच्यात चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

गोठ्यातला_डॉक्टर

शंकासुर, शक्यता लहान आहे हे कबूल. पण ती एकट्या ताईंची शक्यता झाली. गुणाकार करा. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर काही विशिष्ट उड्डाणांच्या प्रवाशांचं सामान तपासून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की त्या मार्गांवरून नुसतं रानटी जनावरांचं मांसच वर्षाला सुमारे २७० टन येतं. प्रवाशांच्या बॅगांतून! तुमच्या नेवार्कच्या कंटेनरांच्या निम्म्याहून जास्त. तेव्हा संन्याशांची बेरीज चोराच्या जवळपास जाते.

मीठ आणि वाळवण यावर विसंबू नका. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू भलताच चिवट आहे. खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो, गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं. हवाबंद पाकिटाने त्याचं काही बिघडत नाही, उलट त्याची सोयच होते. त्याला मारते ती उष्णता. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७० अंश सेल्सियस, ३० मिनिटं. डब्यातलं शिजवलेलं मांस अनेक ठिकाणी चालतं आणि कच्चं मुरवलेलं हॅम चालत नाही, ते यामुळे.

आणि 'किती वेळा होतं' याचं उत्तर द्यायला इथे जहाजावरचे कुणीतरी आहेत ना? डेकवरचे काका, हाक मारतोय.

डेकवरचा

आलो. कार्यक्षेत्राबाहेर बोलायला बंदी नाही ना?

माझी बावीस वर्षं जहाजांवर गेली, त्यातली सुरुवातीची गॅलीत, म्हणजे जहाजाच्या मुदपाकखान्यात. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की स्वयंपाक जमला नाही तरी चालेल, खरकटं चुकता कामा नये. समुद्रात टाकायचे नियम वेगळे, ते प्रदूषणाचे. खरकटं दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, नसेल तर १२. बंदरात मात्र प्रश्न रोगाचा. झाकणबंद पिंप, वेगळी पिशवी, ठरलेला माणूस येऊन नेणार आणि ते जाळलं जाणार किंवा ठरलेल्या जागी खोल पुरलं जाणार. एकदा एका बंदरात आमच्या पिंपाचं झाकण उघडं दिसलं म्हणून तपासनीसाने असा काही आवाज चढवला की मला वाटलं, आम्ही स्फोटकं उतरवतोय. तेव्हा हसलो होतो. पोटीची गोष्ट नंतर कळली.

पोटी हे जॉर्जियाचं काळ्या समुद्रावरचं बंदर. २००७ मध्ये तिथे आफ्रिकन स्वाइन फीवर आला. सर्वात मान्य अंदाज असा की जहाजावरचं उरलेलं अन्न किनाऱ्यावर गेलं आणि मोकाट फिरणाऱ्या डुकरांनी खाल्लं. तिथून रोग रशियात गेला, २०१४ मध्ये लिथुआनिया आणि पोलंडमध्ये, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या शेनयांगला, पुढच्या फेब्रुवारीत व्हिएतनाममध्ये. २०२० मध्ये भारताच्या ईशान्य भागात आणि त्याच सप्टेंबरात जर्मनीतल्या रानडुकरांत. एका पिंपाचं झाकण, राव!

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १९५७ मध्ये हाच रोग आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा निघाला तो लिस्बनला. विमानातलं उरलेलं अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं होतं.

पोटोबा

विमानातलं जेवण डुकरांनाही बाधलं, याची इतिहासात नोंद आहे तर.

रिकामी_बॅग

पोटोबा, 😄

डॉक्टर, काका, खरकट्याचा मुद्दा डोक्यात बसला. मग तिकडेच का नाही बंद करत? डुकरांना खरकटं घालूच नका म्हणावं, आमच्या बॅगा कशाला उचकटायच्या? आणि कंटेनरचं अजून कुणी बोललंच नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

केलं की. ब्रिटनने २००१ मध्येच खरकटं घालायला बंदी केली, मग युरोपीय संघानेही. ज्या देशांत परवानगी आहे तिथे ते उकळून घालायचं असतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक ९० अंशांवर तासभर, तेही सतत ढवळत. पण परसात दोन डुकरं पाळणाऱ्याच्या मागे कोण तापमापक घेऊन उभं राहणार? तैवानचं बघा. तिथे २०१८ च्या डिसेंबरपासून बाधित देशातलं डुकराचं मांस सामानात सापडलं तर पहिल्याच खेपेला २ लाख तैवानी डॉलर दंड, दुसऱ्यांदा १० लाख. इतकं करूनही ऑक्टोबर २०२५ मध्ये ताइचुंगला एका ठिकाणी रोग निघालाच, आणि संशय पुन्हा स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर. म्हणून दोन्ही दारं लावतात. एकाची कडी निसटली तर दुसरं असावं.

शिवाय रानडुकरं आहेत. ती कुणाचा कायदा वाचत नाहीत. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जंगलात रोग सापडला तेव्हा सर्वात जवळचा बाधित भाग शेकडो किलोमीटरवर होता. रानडुक्कर एवढी उडी मारत नाही, माणूस मारतो. कुणीतरी फेकलेलं सँडविच असावं असा तर्क झाला. तेव्हापासून युरोपातल्या महामार्गांवरच्या थांब्यांवर ट्रकवाल्यांसाठी चार-पाच भाषांत पाट्या दिसतात, उरलेलं अन्न झाकणाच्या पिंपातच टाका म्हणून. डेन्मार्कने तर जर्मनीच्या सीमेवर सुमारे ७० किलोमीटरचं कुंपण घातलं, २०१९ मध्ये पुरं केलं.

आता कंटेनर. तुमच्या पाकिटावर लेबल होतं, कंटेनरमागे सरकारी पशुवैद्याची सही असते. जनावर कुठल्या भागातलं, तिथे रोग आहे का, कापण्याआधी आणि नंतर कुणी तपासलं, कारखाना मान्यताप्राप्त यादीत आहे का, दुधाला किती उष्णता दिली, हे सगळं एक सरकार दुसऱ्या सरकारला लिहून देतं. उद्या भानगड झाली तर तो माल कुठल्या गोदामात आहे हे तासाभरात सांगता येतं. तुमची पावती फक्त पैसे दिल्याचं सांगते.

या सहीमागचं एक शास्त्र मला फार आवडतं, थोडं विषयांतर होईल पण सांगतोच. १९६७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये ऑस्वेस्ट्रीजवळ लाळ्या खुरकूत सुरू झाला, सव्वाचार लाखांवर जनावरं मारावी लागली. संशय गेला अर्जेंटिनाहून आलेल्या गोठवलेल्या मेंढीच्या मांसावर, हाडासकट आलेल्या. त्यानंतर हाड काढलेलं बीफ चालेल, हाडाचं नाही, असा नियम झाला. का? जनावर कापल्यावर स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि सामू, म्हणजे आम्लता मोजायचा pH हा आकडा, ६ च्या खाली उतरतो. या विषाणूला आम्ल सोसत नाही, तो मरतो. पण हाडांतल्या मगजात आणि लसिका ग्रंथींत हे आम्ल तयार होत नाही, तिथे तो मजेत राहतो. म्हणून आजही दंडक असा की मांस २ अंशांहून जास्त तापमानात किमान २४ तास मुरू द्यायचं, सामू मोजायचा, ग्रंथी आणि हाडं काढायची, मग पाठवायचं. रोग असलेल्या देशातूनसुद्धा बीफ सुरक्षितपणे निघू शकतं ते या साध्या रसायनामुळे. जन्मभर जनावरं तपासूनही मला याचं अजून अप्रूप वाटतं.

रिकामी_बॅग

हे भन्नाट आहे. आणि बिस्किटातलं लोणी?

गोठ्यातला_डॉक्टर

भाजलं गेलं ना ते. दुधासाठी दंडक १३२ अंशांवर किमान १ सेकंद, किंवा सामू ७ च्या खाली असेल तर ७२ अंशांवर १५ सेकंद. भट्टीत बिस्किटाचं काय होतं ते तुम्हीच ठरवा. कच्च्या दुधाच्या चीजला अशी कुठलीच खात्री नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी केली, त्यातूनही चॉकलेट, पाव, केक, बिस्किटं, पास्ता वगळले. तान्ह्या बाळाचं दूधही ठरावीक प्रमाणात चालतं.

शंकासुर

खरकटं, सामू, सही, सगळं मान्य. पण ताईंच्या यजमानांचा मुद्दा सोयीस्करपणे गाळला जातोय. रोगाच्या नावाखाली बाजार राखणं चालतं की नाही? एक गाय आजारी पडली की अख्ख्या देशाचा माल बंद. जर्मनीत जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ पाणम्हशींच्या एका लहानशा कळपात लाळ्या खुरकूत निघाला. एकच कळप! आणि पाठोपाठ दक्षिण कोरियाने जर्मनीचं डुकराचं मांस बंद केलं. शेकडो किलोमीटर दूरच्या डुकराने काय पाप केलं होतं?

कलम_सहा

शंकासुरांचा संशय हवेतला नाही. उलट जागतिक व्यापार संघटनेत याच संशयावरून खटले चालले आहेत. माझं सदस्यनाम ज्यावरून घेतलंय ते कलम तिथल्या १९९५ च्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्य कराराचं आहे. त्याचा मथितार्थ: रोग देशाला होत नाही, भागाला होतो. तेव्हा बंदी घालायची तर बाधित भागावर घाला, नकाशा पाहून घाला.

तीन खटले थोडक्यात सांगतो.

पहिला भारताविरुद्धचा. बर्ड फ्लूची नोंद झालेल्या देशांतून कोंबडी, अंडी वगैरे आणायला भारताने बंदी घातली होती, कमी तीव्रतेच्या प्रकारासाठीसुद्धा आणि अख्ख्या देशाला लागू. अमेरिका तक्रार घेऊन गेली. जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताच्या विरोधात निकाल दिला. जोखमीचा अभ्यास नाही, आंतरराष्ट्रीय दंडकांचा आधार नाही, भागवार विचार नाही.

हुशारी फक्त एकाच बाजूला नसते. त्याच वर्षी जुलैत अमेरिका स्वतः अर्जेंटिनाच्या तक्रारीवर हरली. अर्जेंटिनाचा पॅटागोनिया भाग लाळ्या खुरकूतमुक्त आहे हे मान्य करायला तिने वर्षानुवर्षं चालढकल केली होती.

तिसरा माझा आवडता. लिथुआनिया आणि पोलंडमध्ये मोजक्या रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला म्हणून २०१४ मध्ये रशियाने सगळ्या युरोपीय संघाची डुकरं आणि मांस बंद केलं. तेव्हा तोच रोग खुद्द रशियात कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होता! २०१७ मध्ये अपीलातही रशिया हरला.

म्हणजे ढोंग चालतं. पण ते पकडायचं हत्यार विज्ञानच आहे, हे लक्षात घ्या. 'सब झूट' म्हटलं की खऱ्या आणि खोट्या बंदीत फरकच करता येत नाही.

जर्मनीबद्दल: ती बंदी पूर्ण देशावर होती, पण रोग त्या एका कळपापलीकडे गेला नाही आणि काही महिन्यांत रोगमुक्तीचा दर्जा परत मिळाला. लगेच मार्चमध्ये हंगेरीत आणि मग स्लोव्हाकियात उद्रेक झाले. म्हणजे पहिल्या दिवशी घाबरणं अगदीच वेडेपणा नव्हता.

दर्जा गेला की काय होतं हे तैवानला विचारा. १९९७ च्या मार्चपर्यंत जपानला डुकराचं मांस पाठवण्यात तैवान आघाडीवर होतं. लाळ्या खुरकूत निघाला, तोही सुमारे ७० वर्षांनी. सुमारे ४० लाख डुकरं गेली आणि निर्यात एका फटक्यात थांबली. लस न टोचता रोगमुक्त हा दर्जा परत मिळायला २०२० साल उजाडलं.

वाचनमात्र

नेहमी नुसती वाचते, पण 'लस न टोचता' हे शब्द वाचून राहवलं नाही. लस असताना जनावरं मारायची कशाला? आणि लस टोचणं ही चूक असल्यासारखं का लिहितात?

कलम_सहा

व्यापाराचं गणित. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात आणि रोग होऊन गेलेल्याच्या रक्तातही. आता दोन्ही ओळखणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या कळपासाठी चांगल्या, एकेका जनावरासाठी तितक्या खात्रीच्या नाहीत. शिवाय टोचलेली गाय आजारी न दिसता घशात विषाणू बाळगू शकते. म्हणून टोचणाऱ्या देशाला निर्यातीत खालची पायरी. २००१ मध्ये नेदरलँड्सने साथ रोखायला सुमारे २ लाख जनावरांना लस टोचली. रोग थांबला. मग ती टोचलेली जनावरंसुद्धा मारली, दर्जा लवकर परत मिळावा म्हणून.

वाचनमात्र

टोचून मारली?

कलम_सहा

हो. त्यावरून तिथे फार मोठा वाद झाला. होणारच.

वाचनमात्र

मग आता मलाही एक सांगू दे, कारण सगळी चर्चा सरकारं आणि निर्यातदार यांच्याभोवती फिरतेय. १९७० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकन स्वाइन फीवर कॅरिबियन बेटांवर गेला. हैतीमध्ये गावोगाव एक काळं, काटक, लहानखुरं डुक्कर असायचं, क्रेओल डुक्कर म्हणतात त्याला. मिळेल ते खायचं, स्वतःचं स्वतः फिरायचं. शेतकऱ्याची ती बँक होती. मुलाची शाळा, आजारपण, लग्न, अडचण आली की डुक्कर विकायचं. रोग अमेरिकेपर्यंत येऊ नये म्हणून अमेरिकेच्या पैशाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैतीमधली ही डुकरं जवळजवळ सगळी मारली. बदल्यात अमेरिकेतून, आयोवाची, गोरीगोमटी डुकरं दिली. त्यांना विकतचा खुराक लागायचा, स्वच्छ पाणी लागायचं, पक्कं छप्पर लागायचं. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'चार पायांचे राजपुत्र'. माणसांना नव्हतं ते डुकरांना कुठून देणार?

रोग खरा होता, मान्य. डॉक्टरांचं शास्त्रही खरं. पण कुंपण शेजाऱ्याचं राखायचं आणि किंमत यांनी मोजायची, हे कुठल्या कलमात बसतं?

गोठ्यातला_डॉक्टर

बसत नाही. मी नोकरीत असताना कळप मारायच्या आदेशावर सही केलेली आहे, एकदाच. भरपाई मिळाली, तीही उशिरा. त्या घरची म्हातारी भरपाईचा कागद हातात धरून रिकाम्या गोठ्याच्या दाराशी बसलेली होती. शास्त्र बरोबर असूनही मला तिच्याशी बोलायला शब्द नव्हते. तुम्ही म्हणता त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एवढंच सांगेन की बाहेरचं दार नीट लावलं तर आतला कळप मारायची वेळ येत नाही. गुरांची बुळकांडी, तो जीवघेणा विषाणूरोग, आठवते का कुणाला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आफ्रिकेत शिरली आणि गुरांबरोबर माणसांचीही उपासमार झाली. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला चाललेली गुरं अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. नुसत्या थांब्यावर! त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय पशुरोग संस्था काढली, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. लस होतीच, पण नुसत्या लशीने ते झालं नसतं. कुठे रोग आहे ते खरं सांगणं आणि कुठून काय हलतंय यावर नजर ठेवणं, दोन्ही लागलं.

शंकासुर

ठीक. मी एवढं मागे घेतो: 'संन्याशाला फाशी' जरा जास्त झालं. पण देशादेशाच्या बंदीबद्दलचा संशय कायम, आणि त्याला कलम_सहा यांनी खतपाणी घातलंय.

दंडांबद्दल मात्र बोलणारच. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाकडे न सांगितलेले दोन मॅकमफिन आणि एक हॅमचं क्रोसाँ निघालं. दंड २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. विमानाच्या तिकिटापेक्षा न्याहारी महाग!

गोठ्यातला_डॉक्टर

तेव्हा इंडोनेशियात नुकताच लाळ्या खुरकूत शिरला होता. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने विमानतळांवर बूट निर्जंतुक करायच्या पायपुसण्या अंथरल्या. आणि दंड न्याहारीचा नव्हता, न सांगण्याचा होता. ताईंनी खूण केली, ताईंचे पैसे वाचले.

रिकामी_बॅग

नवऱ्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. रशियाच्या खटल्यावर तो इतका खूश झाला की बाकीचं ऐकलंच नाही. 🙂

एक राहिलं. त्या प्रवासात आम्ही एका शेतावर दोन दिवस राहिलो होतो, शेळ्यांच्या गोठ्यातही गेलो. तेच बूट घालून विमानात बसले आणि विमानतळावर उतरले. कुत्रं बॅगेशी बसलं, बुटांकडे कुणी बघितलंही नाही. फॉर्मवर तो प्रश्न होता असं आता आठवतंय, मी 'नाही' लिहिलं असावं.

गोठ्यातला_डॉक्टर

पुढच्या वेळी 'हो' लिहा, म्हणजे ते बघतील. निघण्याआधी तळव्याच्या खाचांतला चिखल आणि लेंड्या ब्रशने काढा, साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. निर्जंतुक करायचं औषध चिखलावर ओतलं तर चिखलच निर्जंतुक होतो, बूट नाही. घासणं आधी.

पोटोबा

आणि कुत्र्याला चीजऐवजी काय मिळालं ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

रिकामी_बॅग

खाऊ. बाईंच्या खिशातून एक तुकडा निघाला. कसला होता ते विचारायचं राहिलं.